डूम : नकाशा, अंधार आणि खुला झालेला कोड

पडद्यावर दिसणारी ही खोली १९९३ सालची आहे. ‘डूम’ हा संगणकावरचा खेळ सुरू केला की खेळाडू इथेच उभा असतो. एका बाजूला पायऱ्यांच्या वर हिरवे चिलखत ठेवलेले आहे आणि खिडकीतून पाहिले तर बाहेरच्या मोकळ्या अंगणात दुसरे, निळे चिलखत पडलेले दिसते. ते दिसते, पण तिथे जायची वाट दिसत नाही. ती पुढच्या दालनात दडवलेली आहे. ही पातळी, म्हणजे खेळातला हा टप्पा, रचणाऱ्या जॉन रोमेरो यांनी एक शब्दही न लिहिता, केवळ एका खिडकीच्या आधारे, खेळाडूला सांगून टाकले आहे की या जागेत डोळ्यांना दिसते त्याहून अधिक काही आहे.

आता तेच पुढचे दालन पाहा. हिरव्या विषारी द्रवावरून नागमोडी वाट जाते, आणि उंचावर उभा असलेला राक्षस तिथून आगीचे गोळे फेकतो. ‘डूम’ बनवणाऱ्या इड सॉफ्टवेअर या कंपनीच्याच १९९२ सालच्या ‘वोल्फेन्स्टाइन थ्रीडी’ या खेळात सगळ्या भिंती एका उंचीच्या आणि काटकोनात होत्या, उजेडही सर्वत्र सारखाच होता. दीड वर्षात भिंती तिरक्या झाल्या, जमीन वरखाली होऊ लागली आणि अंधार आला. हा अंधार नीट पाहण्यासारखा आहे. खेळाच्या पटलावर एकूण २५६ रंग होते आणि त्या रंगांचे उजेड-अंधाराच्या ३२ पायऱ्यांचे तक्ते आधीच तयार करून ठेवलेले होते. भिंत जितकी दूर, तितकी अधिक काळोखी पायरी निवडायची, एवढ्यावर ही सगळी भीती उभी आहे.

नकाशाकडे वळू. वरून पाहिलेल्या या रेषा म्हणजेच खेळातल्या भिंती. जागा खोल भासली तरी नकाशा सपाट कागदासारखा आहे, म्हणून एका खोलीच्या वर दुसरी खोली बांधता येत नाही आणि खेळाडूला मान वर किंवा खाली करता येत नाही. त्या काळच्या अनेक संगणकांत दशांश गणितासाठी वेगळा भाग नसे, त्यामुळे सगळी आकडेमोड पूर्णांकांत बसवावी लागली. कोणती भिंत पुढे आणि कोणती मागे, हे प्रत्येक चित्रासाठी नव्याने शोधायला तर वेळच नव्हता. खेळाचे प्रोग्रामर जॉन कारमॅक यांनी त्यासाठी बायनरी स्पेस पार्टिशनिंग ही पद्धत वापरली. पातळी तयार होत असतानाच तिचे दोन भाग करायचे, त्या प्रत्येक भागाचे पुन्हा दोन भाग, आणि अशी विभागणी करत एक वृक्ष बांधून ठेवायचा. खेळताना संगणक त्या वृक्षावरून उतरत जवळच्या भिंती आधी काढतो आणि पडद्यावरचा जो उभा पट्टा एकदा भरला, त्याच्या मागचे काही काढण्याचे कष्टच घेत नाही. ही कल्पना कारमॅक यांची स्वतःची नव्हती, संगणकीय चित्रांच्या संशोधनात ती आधीपासून होती. ३२० गुणिले २०० ठिपक्यांच्या पडद्यावर, सेकंदाला ३५ चित्रांच्या वेगाने, घरगुती संगणकाकडून ती राबवून घेणे हे त्यांचे श्रेय.

हे मातीचे पुतळे खेळाचे चित्रकार एड्रियन कारमॅक यांचे. जॉन कारमॅक यांच्याशी त्यांचे फक्त आडनाव जुळते, नाते नाही. काही राक्षस असे हाताने घडवून, पुतळा थोडाथोडा फिरवत आठ बाजूंनी कॅमेऱ्यात टिपले गेले आणि मग एकेक ठिपका साफ करत खेळात उतरवले गेले. आज त्यांच्या जवळ गेले की ते ठिपके मोठे आणि खरखरीत दिसतात. ते गुळगुळीत करून दाखवणाऱ्या आवृत्त्याही आहेत, पण त्या गुळगुळीतपणात घडवणाऱ्याचा हात हरवतो, असे आम्हाला ठामपणे वाटते.

१० डिसेंबर १९९३ रोजी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या सर्व्हरवर खेळ चढवला गेला. पहिला भाग मोफत होता, उरलेले दोन पैसे भरून मागवायचे होते. पुढे हिंसाचारावरून मोठा वाद झाला आणि जर्मनीत २०११ पर्यंत खेळाच्या विक्रीवर निर्बंध राहिले.

पडद्यावरून सरकणारा हा मजकूर खेळाचा मूळ कोड, म्हणजे तो चालवणाऱ्या सूचना, आहे. डिसेंबर १९९७ मध्ये इड सॉफ्टवेअरने तो सर्वांसाठी खुला केला. ध्वनीचा भाग दुसऱ्याकडून परवान्यावर घेतलेला असल्याने तो त्यात नव्हता, आणि पातळ्या व चित्रे आजही मालकीचीच आहेत. तरीही १९९९ मध्ये जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना लागू झाल्यावर कोणालाही हा कोड बदलून पुन्हा वाटण्याची मुभा मिळाली. ‘डूम’च्या काळातले कितीतरी खेळ आज त्यांच्या यंत्रांबरोबर मूक झाले आहेत. ‘डूम’ मात्र जवळपास प्रत्येक नव्या यंत्रावर चालतो, कारण तो चालवण्याची रीत कपाटात कुलूपबंद राहिली नाही. इतर कंपन्यांनीही आपल्या जुन्या खेळांसाठी हे करायला हवे.

शेवटी, दोन खिडक्यांत चाललेला हा एकच खेळ पाहा. ‘डूम’मध्ये नोंदवलेला खेळ म्हणजे चित्रफीत नव्हे, त्यात केवळ खेळाडूने केव्हा काय दाबले एवढेच असते. खेळातले योगायोगही २५६ आकड्यांच्या एका ठरलेल्या यादीतून येतात, त्यामुळे तीच बटणे त्याच क्षणी दाबली गेली तर नेमका तोच खेळ पुन्हा घडतो. डावीकडच्या खिडकीत हिशेबात एक लहानसा बदल केलेला आहे आणि नोंदीतला खेळाडू थोड्याच वेळात भिंतीवर आपटत राहतो. उजवीकडे ‘चॉकलेट डूम’ आहे. स्वयंसेवकांनी खुल्या कोडवरून घडवलेल्या या आवृत्तीत मूळ खेळाच्या मर्यादा आणि चुकाही मुद्दाम जशाच्या तशा राखल्या आहेत, म्हणून तीच जुनी नोंद इथे शेवटच्या दारापर्यंत बिनचूक पोहोचते.