उभा शिंपला: पेन शेल आणि त्याचं जुनं घराणं

[दृश्य: अंधेरी पश्चिम. इमारतींच्या मधून दिसणारी गिल्बर्ट हिल.]

अंधेरी स्टेशनच्या पश्चिमेला, इमारतींच्या दाटीत, काळ्या दगडाची एक भिंत सरळ उभी आहे. ही गिल्बर्ट हिल. उंची सुमारे ६१ मीटर, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. जवळ जाऊन पाहिलं की ही भिंत अखंड नाही, हे कळतं. एकाला एक चिकटलेले, पाच-सहा बाजूंचे खांब खालपासून वरपर्यंत गेलेत. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला तडे गेले, ते तडे खोल उतरत गेले आणि दगडाचे असे खांब पडले.

हे खांब डोळ्यांसमोर असू द्या आणि आता या टेबलाशी या.

[दृश्य: पांढऱ्या कागदावर शिंपल्याचा तुकडा. मग तोच सूक्ष्मदर्शकातून, चाळीसपट.]

हा एका शिंपल्याचा तुकडा आहे. नखाएवढा, जेमतेम लग्नपत्रिकेच्या कागदाइतका जाड, काकवीच्या रंगाचा. उजेडासमोर धरला की प्रकाश आरपार येतो. दहापट भिंगातून मोडलेली कड नुसती रवाळ दिसते, पण शाळेतल्या साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की खांब दिसतात. दाटीने उभे, कडेला कड लावलेले. वरून पाहिलं तर मधमाश्यांचं पोळं. एकेक खांब मिलिमीटरचा काही शतांश भाग रुंद.

रूप सारखं असलं तरी घडण उलटी आहे. गिल्बर्ट हिलचे खांब अख्ख्या दगडाला तडे जाऊन सुटे झाले. शिंपल्याचे खांब आधी बारीक ठिपक्यांसारखे सुरू होतात आणि आतल्या बाजूने वाढत जातात. वाढताना जागेसाठी त्यांची चढाओढ लागते, लहान खांब मागे पडून संपतात, मोठे त्यांची जागा घेतात. म्हणून एकाच तुकड्याच्या बाहेरच्या अंगाला नक्षी बारीक आणि आतल्या अंगाला ठळक असते. खांब कॅल्साइटचा, म्हणजे चुन्याच्या कार्बोनेटचा. दोन खांबांच्या मध्ये मात्र प्रथिनांचा पातळ पडदा, विटांमधल्या चुन्यासारखा.

हा पडदा घरीही पाहता येतो. काचेच्या वाटीत ५० मिलिलिटर पांढरं व्हिनेगर घ्या आणि नखाएवढा तुकडा त्यात टाका. बारीक बुडबुडे येतील. दुसऱ्या दिवशी व्हिनेगर बदला. कॅल्साइट विरघळून गेलं की वाटीत मऊ, तपकिरी जाळी उरते. तोच तो पडदा. उलटं करून पाहायचं तर दुसरा तुकडा वेगळ्या वाटीत साध्या ब्लीचमध्ये ठेवा. ब्लीच पडदा खातं, खांब सुटे होतात आणि तळाशी पांढऱ्या बारीक कणांचा थर बसतो. एक गोष्ट कटाक्षाने पाळा: ब्लीच आणि व्हिनेगर एकत्र येता कामा नयेत, त्यातून क्लोरीन वायू निघतो. वाट्या वेगळ्या, चमचे वेगळे, खिडकी उघडी.

सुट्या होणाऱ्या या खांबांकडे आपण पुन्हा येणार आहोत. खडकात ते फार मोठा पुरावा ठरतात, आणि कधीकधी चकवतातही.

[दृश्य: अख्खा पेन शेल, टोक खाली. कॅमेरा हळूहळू खालून वर.]

या शिंपल्याला पेन शेल म्हणतात. हे पेन म्हणजे पिसाची लेखणी. एका बाजूला अणकुचीदार टोक, दुसरीकडे पंख्यासारखी रुंद झालेली कड. पिन्ना हे शास्त्रीय नाव स्वीडिश शास्त्रज्ञ लिनियसने १७५८ मध्ये वापरलं. कुटुंबाचं नाव पिन्निडी, आणि आज त्यातल्या बहुतेक जाती पिन्ना आणि ॲट्रिना या दोन प्रजातींत, म्हणजे जातींच्या गटांत, मोडतात. भारतात मन्नारच्या आखातात, पाल्कच्या उपसागरात, कच्छच्या आखातात आणि अंदमानात हे शिंपले आहेत. पिन्ना बायकलर आणि ॲट्रिना व्हेक्सिलम ही त्यातली नेहमी कानावर येणारी नावं. भूमध्य समुद्रातला पिन्ना नोबिलिस १२० सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे सहा-सात वर्षांच्या मुलाइतका उंच.

आपण खातो ती तिसरी नावाची शिंपली स्वतःला वाळूत गाडून घेते आणि पाय वापरून जागा बदलते. कालव खडकाला कायमचं चिकटतं. पेन शेल यातलं काहीच करत नाही. तो गाळात टोक खाली करून उभा राहतो. टोकाजवळून बारीक धाग्यांचा झुबका निघतो आणि गाळातल्या खड्यांना, शंख-शिंपल्यांच्या तुकड्यांना, समुद्री गवताच्या मुळांना घट्ट धरतो. भूमध्य समुद्राकाठी याच धाग्यांपासून समुद्री रेशीम काढत. शिंपल्याचा बराचसा भाग गाळात, रुंद कड तेवढी वर. त्या कडेच्या फटीतून पाणी आत घ्यायचं, त्यातलं अन्न गाळायचं आणि पाणी बाहेर टाकायचं. गाळात उभं राहायचं म्हणजे आत गाळ येणारच. तो बाहेर काढायला याच्या शरीरात खास पन्हळ असते आणि तिच्यातले सूक्ष्म केस कचरा सतत वर ढकलत राहतात.

या शिंपल्याच्या बांधणीतली सर्वांत विलक्षण गोष्ट त्याच्या बिजागरीत आहे. तिसऱ्यांच्या बिजागरीला दात असतात आणि झडपा, म्हणजे शिंपल्याचे दोन अर्धे, डबीच्या झाकणासारख्या उघडतात. पेन शेलच्या बिजागरीला दातच नाहीत. एका कडेने दोन्ही झडपा जवळजवळ पूर्ण लांबीभर सांधलेल्या असतात. मग मिटायचं कसं? मधला मोठा स्नायू आवळला जातो आणि झडपा चक्क वाकतात. चुन्याचा शिंपला वाकतो, तो खांबांमधल्या त्या ओल्या पडद्यामुळे.

म्हणूनच हा शिंपला वाळला की बिघडतो. पाण्यातून काढून उन्हात ठेवला तर पडदा आकसतो आणि शिंपल्याला लांबलचक चिरा जातात, तडतड आवाजही येतो. संग्रहातले कितीतरी नमुने असे फुटलेत. रिकामा शिंपला मिळाला तर तो गोड्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून मीठ काढा, सावलीत सावकाश सुकू द्या आणि पूर्ण कोरडा होण्याआधी त्यावर ग्लिसरीनचा किंवा व्हॅसलीनचा अगदी पातळ हात फिरवा. साफ करायला ब्लीच मुळीच नको. का, ते वाटीच्या तळाशी दिसलंच.

[दृश्य: मोडलेली आणि पुन्हा वाढलेली कड, अगदी जवळून.]

ही कड पाहा. इथे एक वेडीवाकडी रेघ आहे, तिच्या खाली रंग गडद आणि वर फिका. माशाने, खेकड्याने किंवा लाटेने कड मोडली होती. वरचा फिका भाग नंतर बांधलेला. इतर शिंपल्यांत शिंपला बनवणारा मऊ पडदा, म्हणजे प्रावार, कडेजवळ शिंपल्याला जोडलेला असतो. पेन शेलमध्ये तो मोकळा असतो. धोका जाणवला की प्राणी प्रावार आवळून खूप खाली, टोकाकडे ओढून घेतो. वरचा शिंपला मोडतो, प्राणी वाचतो. मग प्रावार पुन्हा वर येतो आणि झपाट्याने नवा शिंपला घालतो. जाड शिंपला करत बसण्यापेक्षा पातळ करायचा, मोडू द्यायचा आणि लगेच दुरुस्त करायचा, अशी ही रीत आहे. आमच्या मते या घराण्याच्या दीर्घायुष्यात या रीतीचा वाटा मोठा आहे.

[दृश्य: कालपट्टी. कार्बोनिफेरसपासून आजपर्यंत.]

घराणं खरोखरच जुनं आहे. पिन्निडी कुटुंबाचे सर्वांत जुने जीवाश्म कार्बोनिफेरस काळाच्या पूर्वार्धातले, म्हणजे ३२ कोटी वर्षांपेक्षा जुने. डायनोसॉर तेव्हा अजून यायचे होते. ॲव्हिक्युलोपिना या जुन्या प्रजातीत एक खूण आहे. शिंपल्याची वाढ जिथून सुरू होते ती चोच आजच्या पिन्नात अगदी टोकावर असते. ॲव्हिक्युलोपिनात ती टोकापासून जराशी मागे असून तिच्या पुढे एक छोटा कानासारखा भाग आहे. पूर्वज गाळावर पडून धाग्यांनी धरून राहणारे होते. पुढे हा कान आखडत गेला, टोक निमुळतं झालं आणि शिंपला उभा राहिला.

२५ कोटी वर्षांपूर्वी, पर्मियन काळाच्या अखेरीस, समुद्रातल्या बहुतेक जाती संपल्या. पिन्ना त्यातून निभावला. ज्युरासिक काळात त्याचा एक भाऊबंद भलत्याच वाटेने गेला. ट्रायकाइट्स हे त्याचं नाव, अर्थ केसांसारखा, कारण त्याच्या जाड शिंपल्याचा मोडलेला भाग केसांच्या जुडीसारखा दिसतो. ते केस म्हणजे आपले हेच खांब, फक्त फार लांब वाढलेले. ही जाड शिंपल्याची प्रजाती नामशेष झाली. पातळ शिंपल्याचा पिन्ना आजही आहे.

[दृश्य: वरळीचा किनारा. मग कच्छमधल्या पिवळसर खडकांचे थर.]

मुंबईच्या खडकात पिन्नाचा जीवाश्म शोधायला जाऊ नका. मुंबई सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी खडकांवर बसली आहे. दोन लाव्हांच्या मध्ये गाळाचे थर सापडतात, पण ते गोड्या पाण्यातले. वरळीच्या अशा थरात छोट्या बेडकांचे जीवाश्म मिळाले, रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्ये त्यांचं वर्णन केलं आणि आज तो बेडूक इंडोबॅट्राकस म्हणून ओळखला जातो. जिथे बेडूक राहत होते तिथे पेन शेल कसा असेल? त्याला खारं पाणी आणि खोल, निवांत गाळ हवा.

त्यासाठी कच्छला जावं लागतं. तिथले ज्युरासिक थर सुमारे १७ ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीच्या उथळ समुद्रात साचले, आणि त्यांत पिन्ना आहे. दक्षिणेत, तमिळनाडूत, अरियालूरच्या परिसरात ज्युरासिकनंतरच्या क्रिटेशस काळाचे समुद्री थर आहेत. तिथल्या शिंपल्यांवरचा फर्डिनांड स्टॉलिच्का यांचा मोठा ग्रंथ १८७१ चा.

[दृश्य: थरात उभा असलेला जीवाश्म, शेजारी मोजपट्टी.]

असा जीवाश्म दिसला की हात लगेच हातोडीकडे जातो. तो आवरा. आधी तो उभा आहे की आडवा ते पाहा. उभा आणि टोक खाली असेल, तर प्राणी जगला तिथेच गाडला गेला. आडवे असतील आणि सगळ्यांची टोकं एका दिशेला असतील, तर त्यांना प्रवाहाने किंवा वादळाने उपटून टाकलं. सगळी टोकं वर असतील तर थर उलटा झाला असण्याची शंका घ्या. ही एवढी माहिती जीवाश्म खडकात असेपर्यंतच असते. म्हणून मोजपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून फोटो, थराची जाडी, टोकाची दिशा, तिरपा असेल तर कोन, एवढं वहीत आलं की मगच पुढचं काम. बाहेर काढून पिशवीत टाकलेला सुंदर पिन्ना यातलं काहीच सांगू शकत नाही, आणि हे नुकसान पुन्हा भरून येत नाही.

ओळख आडव्या छेदावरून पटते. पिन्नाच्या प्रत्येक झडपेवर मधोमध लांबीला धार असते, म्हणून दोन झडपा मिळून छेद शंकरपाळ्यासारखा चौकोनी दिसतो. ॲट्रिनाला ती धार नाही, त्याचा छेद भिंगासारखा फुगीर. ताज्या शिंपल्यात आतून पाहा: मोत्यासारखा चमकदार थर फक्त टोकाकडच्या भागात असतो, आणि पिन्नात त्या मधल्या रेघेने त्याचे दोन भाग झालेले दिसतात. जीवाश्मात ही चमक बहुधा नसते. चमकदार थर ॲरागोनाइटचा, म्हणजे त्याच कार्बोनेटच्या दुसऱ्या रूपाचा, तो लवकर विरघळतो. कॅल्साइटचे खांब तेवढे टिकतात. जीवाश्मावर पापुद्रे सुटत असतील तर ॲसिटोनमध्ये सुमारे ५ टक्के पॅरालॉइड बी-७२ (सुटे भाग घट्ट धरणारी कृत्रिम राळ) विरघळवून ब्रशने द्या, वाळू द्या, पुन्हा द्या. एकदम घट्ट द्रावण दिलं तर ते वरच राहतं आणि आतले खांब सुटेच राहतात.

आणि आता तो चकवा. खडकाची पातळ चकती करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली की कधीकधी नुसते विखुरलेले कॅल्साइटचे खांब दिसतात, जणू वाटीच्या तळाशी बसलेला तोच थर. पिन्ना म्हणून नोंद करायचा मोह होतो. पण क्रिटेशस समुद्रात इनोसेरामस नावाचे शिंपले विपुल होते आणि तेही फुटून असेच खांब सोडतात. नुसत्या खांबांवरून निकाल देऊ नये. निदान छेदाचा आकार कळेल एवढा तुकडा तरी हवा.

[दृश्य: भूमध्य समुद्राचा तळ. समुद्री गवतात उभे शिंपले.]

इतकं सगळं पार करून आलेल्या या घराण्याच्या सर्वांत मोठ्या जातीवर आज वेळ वाईट आहे. २०१६ च्या शरद ऋतूत स्पेनच्या किनाऱ्याजवळ पिन्ना नोबिलिस मोठ्या संख्येने मरू लागले. त्यांच्या पचनसंस्थेत एक सूक्ष्म परजीवी सापडला, हॅप्लोस्पोरिडियम पिन्नी. काही वर्षांत तो भूमध्य समुद्रभर पसरला आणि २०१९ मध्ये ही जात अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. मोडलेली कड दुरुस्त करणाऱ्या प्रावाराचा इथे काही इलाज चालत नाही. स्पेनमधल्या एब्रो नदीच्या मुखाजवळचा उपसागर, मार मेनोरसारखी खाजण, अशा वेगळ्या खारटपणाच्या पाण्यात काही जिवंत उरलेत.

बाकीच्या ठिकाणी पाणबुडे खाली उतरतात तेव्हा शिंपले उभेच दिसतात. टोक गाळात, धागे अजून खड्यांना धरून, कड वर. आत प्राणी नाही. फटीतून गाळ आत उतरतो आहे. कच्छच्या खडकातले शिंपलेही असेच भरले होते.