यशवंतरावांसमोर बसलेला पोर्तुगीज

(फोंडा येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो,

डिसेंबर महिना, फोंड्यासारखं गाव, मराठीतून व्याख्यान आणि विषय काय, तर एक पोर्तुगीज मंत्री. संयोजकांपैकी एकाने मला फोनवरच टोकलं, "सर, मुक्तिदिनाच्या महिन्यात फिरंगी कशाला?" मी म्हटलं, गोवा भारताचा आहे असं लिहिलेल्या कागदावर त्या फिरंग्याची सही आहे, म्हणून.

31 डिसेंबर 1974, नवी दिल्ली. आपल्या बाजूने परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण, समोर पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री मारियो सोआरिश. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगरहवेली यांवरचं भारताचं सार्वभौमत्व पोर्तुगालने या करारात मान्य केलं. त्यातली तारखेची गोष्ट नीट पाहा. मान्यता सहीच्या दिवसापासून नाही. हे प्रदेश भारताच्या राज्यघटनेखाली ज्या ज्या तारखेला भारताचा भाग झाले, त्या त्या तारखेपासून आहे. "आक्रमण झालं, आक्रमण झालं" म्हणून 13 वर्षं जगभर ओरडणाऱ्या राज्याने ती ओरड एका वाक्यात मागे घेतली. दोन देशांचे संबंध 1955 पासून तुटलेले होते, तेही पुन्हा जुळले.

आता यशवंतरावांचा योगायोग बघा. गोवा महाराष्ट्रात यावा म्हणणाऱ्यांत ते होते. 1967च्या जनमत कौलात 34,021 मतांनी गोव्याने त्यांना नाही म्हटलं. फोंड्यात ही आठवण काढताना जपून काढावी लागते, समोर दोन्ही बाजूंची मंडळी बसलेली आहेत! पण सात वर्षांनी त्याच गोव्याच्या वतीने भारताची सही करायला नियतीने कऱ्हाडचा हा माणूस बसवला.

माझं आजचं म्हणणं एवढंच आहे, की या कराराची गरज आपल्यापेक्षा पोर्तुगालला जास्त होती, आणि हे ओळखणारा माणूस नेमका त्या घडीला लिस्बनच्या परराष्ट्र खात्यात होता. आपला कारभार सुरळीत चालला होता. विधानसभा होती, पहिले मुख्यमंत्री बांदोडकर होऊन गेले होते, त्यांच्या कन्या शशिकलाताई मुख्यमंत्री होत्या. अडकून पडला होता तो पोर्तुगाल.

कसा अडकला होता ते पाहू. 14 डिसेंबर 1961ला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गोव्याचे गव्हर्नर जनरल व्हासालो इ सिल्वा यांना तार पाठवली. तहाची किंवा पोर्तुगीज युद्धकैद्यांची शक्यता मला दिसत नाही, आपले सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील नाही तर मरतील, असा तिचा मजकूर. गव्हर्नर शहाणा निघाला. 19 तारखेला त्याने शरणागती पत्करली आणि तीन हजारांवर माणसं वाचली. या कैद्यांच्या छावण्यांपैकी एक आपल्या फोंड्यातच होती. त्यांना परत न्यायलाही सालाझारने मे 1962 उजाडू दिला, आणि ती माणसं लिस्बनला उतरली तेव्हा बंदूकधारी लष्करी पोलीस त्यांची वाट पाहत होते. गव्हर्नरला लष्करातून काढून टाकलं. आणि गोव्याचं काय केलं? घर सोडून गेलेल्या माणसाचं नाव रेशनकार्डावर तसंच ठेवावं, तशा गोव्याच्या जागा लिस्बनच्या नॅशनल असेंब्लीत 1974 पर्यंत चालू ठेवल्या. गोवा गेला असं म्हणण्याची सोयच नव्हती. एक गेला म्हटलं, की आफ्रिकेतल्या वसाहती, म्हणजे अंगोला, मोझांबिक, गिनी का राखायच्या, हा प्रश्न आलाच. अंगोलात 1961 पासून आणि पुढे गिनी, मोझांबिकमध्येही त्या वसाहती राखण्याच्या युद्धात पोरं मरत होती.

सोआरिश याच पोर्तुगालच्या तुरुंगांत घडला. जन्म 1924, लिस्बन. वडील आधी पाद्री, मग प्रजासत्ताकवादी, आणि 1919 मध्ये काही काळ चक्क वसाहतमंत्री. बापाने जे खातं सांभाळलं त्याचं दुकान पुढे मुलाने बंद केलं. मुलगा वकील झाला. गुप्त पोलिसांनी, म्हणजे 'पीद'ने, त्याला 12 वेळा पकडलं. 1949 मध्ये मारिया बारोझू या अभिनेत्रीशी त्याचं लग्न लागलं ते तुरुंगात असतानाच. सालाझारविरुद्ध निवडणूक लढवलेले जनरल देलगादु यांचा पीदने 1965 मध्ये स्पेनच्या सरहद्दीवर खून केला, तेव्हा त्यांच्या कुटुंबाचं वकीलपत्र सोआरिशने घेतलं. 1968 मध्ये सरकारने त्याला आफ्रिकेजवळच्या साओ तोमे बेटावर हद्दपार केलं. मग पॅरिसमधला विजनवास, आणि 1973 मध्ये जर्मनीत, मोजक्या सोबत्यांसह, समाजवादी पक्षाची स्थापना.

इथे थोडं थांबतो. ज्या राजवटीने सोआरिशला डांबलं तिनेच गोव्याच्या मुक्तिलढ्यातल्या आपल्या माणसांना डांबलं होतं. त्रिस्तांव ब्रागांझ कुन्य यांना 1946 मध्ये पोर्तुगालमधल्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं. मोहन रानडे लिस्बनजवळच्या काशियाशच्या तुरुंगात होते. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडक्यांनी महाराष्ट्रात केलेली खटपट तुमच्यापैकी वयस्करांना आठवत असेल. रानडे 1969च्या जानेवारीत सुटले. त्याच काशियाशचे दरवाजे एप्रिल 1974 मध्ये क्रांतीच्या दुसऱ्याच दिवशी उघडू लागले आणि पोर्तुगीज राजकैदी बाहेर आले. आपण 'पोर्तुगीज' म्हणून एकच रकाना करतो. तुरुंगाच्या आत दोन रकाने होते, आणि कुन्य, रानडे, सोआरिश हे तिघे एका रकान्यातले.

25 एप्रिल 1974ला तरुण लष्करी अधिकाऱ्यांनी राजवट उलथवली. बंदुकांच्या नळ्यांत कार्नेशनची फुलं खोवलेली छायाचित्रं तुम्ही पाहिलीच असतील. 28ला सोआरिश पॅरिसहून आगगाडीने लिस्बनच्या सांता आपोलोनिया स्थानकावर उतरला. मंत्री व्हायच्या आधीच तो युरोपच्या राजधान्यांत फिरून नव्या सरकारची ओळख करून देत होता, आणि मेच्या मध्याला परराष्ट्रमंत्री झाल्याझाल्या डाकारला जाऊन गिनीच्या बंडखोरांचे नेते अरिस्तिदिश पेरेरा यांना भेटला.

अडचण अशी, की त्याचा राष्ट्राध्यक्षच त्याच्या मागे नव्हता. जनरल स्पिनोला यांना वसाहतींचं काहीतरी संघराज्य हवं होतं, सार्वमत हवं होतं, थोडक्यात वेळ हवा होता. जून महिन्यात झांबियातल्या लुसाकाला फ्रेलिमोशी, म्हणजे मोझांबिकच्या मुक्ती आघाडीशी, पहिली बोलणी झाली. सोआरिशच्या खिशात फक्त युद्धबंदीचा प्रस्ताव. समोर फ्रेलिमोचे नेते सामोरा मशेल. मुत्सद्द्याने अशा वेळी कोरडं हस्तांदोलन करून बसायचं असतं. इथे दोघांनी मिठी मारली, आणि त्या मिठीच्या छायाचित्राने लिस्बनमधल्या जुन्या मंडळींचा जळफळाट झाला. पण मशेल मिठीने भुलणारा नव्हता. स्वातंत्र्याचं तत्त्व आधी मान्य करा, मग बंदुका खाली ठेवू, हे त्याचं म्हणणं ठाम. सोआरिशच्या शेजारी लष्करातर्फे ऑतेलो सारायव्ह द कार्वाल्यु बसला होता, ज्याने एप्रिलच्या उठावाची आखणी केली तोच. आपलं सैन्य आता लढणार नाही हे त्याला पक्कं माहीत होतं, आणि त्याने ते फारसं लपवलंही नाही. हातात पत्ते नसताना वाटाघाटी करायच्या म्हणजे काय, ते त्या खोलीत पाहायला मिळालं असतं. मशेल यांच्या विश्वासातल्या माणसांत आपल्या गोव्यातल्या बार्देशचा एक सुपुत्र होता, हेही सांगून ठेवतो: आकिनो द ब्रागांझ. पुढे 1986 मध्ये मशेल ज्या विमान अपघातात गेले, त्यातच तेही गेले.

27 जुलैला लिस्बनने कायदाच केला, की वसाहतींना स्वयंनिर्णयाचा हक्क आहे आणि त्यात स्वातंत्र्य येतं. त्यानंतर गिनी सप्टेंबरात मोकळा झाला, मोझांबिकचा करार 7 सप्टेंबरला लुसाकात झाला, आणि 30 सप्टेंबरला स्पिनोलांनी राजीनामा दिला.

गोव्याचा नंबर याच सप्टेंबरात लागला. न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या वेळी सोआरिश आणि यशवंतरावांच्या आधीचे आपले परराष्ट्रमंत्री स्वर्णसिंग भेटले. सोआरिशच्या जागी बसून विचार करा. आफ्रिकेत सांगतो आहे की आम्ही बदललो, आणि गोवा गेला हे अजून कागदावर मान्य केलेलं नाही. कोण विश्वास ठेवील? गोव्याचा प्रश्न सोडवायला ना सैन्य माघारी आणायचं होतं, ना वसाहतवाले गोरे हलवायचे होते. किंमत शून्य आणि पत मोठी. म्हणून मी म्हणतो, गरज त्यांची होती. सोआरिशने आपल्यावर उपकार केले नाहीत. त्याने आपल्या देशाला एका खोट्यातून सोडवलं, आणि त्यात आपलं काम झालं.

करारात पोर्तुगीज भाषा-संस्कृती, ऐतिहासिक आणि धार्मिक वास्तू, मालमत्ता असले विषयही आले. त्यातला मालमत्तेचा विषय गोव्याच्या घराघरातला. बांको नासियोनाल उल्त्रामारीनो या पोर्तुगीज बँकेत लोकांनी सोनं गहाण ठेवलेलं होतं. पाटल्या, बांगड्या, गंठण, मुलीच्या लग्नासाठी जपलेले डाग. डिसेंबर 1961 मध्ये ते सगळं बँकेने लिस्बनला हलवलं. कर्ज फेडायची तयारी असलेली माणसं पावत्या हातात घेऊन बसली. बँकेची शाखा गेली, डाग गेले, पावतीला विचारणारं कोणी उरलं नाही. ते सोनं परत गोव्यात यायला 1991 साल उजाडलं. तोवर कित्येक ठिकाणी गहाण ठेवणारी बाई देवाघरी गेलेली, आणि पावती नेमकी कुणाकडे यावरून सुना-नणंदांत वाद. दिल्लीत सही झाली की गावात काम झालं असं कधी होत नाही, त्याला 16 वर्षंही लागतात.

सोआरिशची ही बाजू सांगितली, आता दुसरी. वसाहती सोडण्याच्या घाईची किंमत अंगोलाने मोजली. जानेवारी 1975 मध्ये पोर्तुगालमधल्या आल्वोरला अंगोलाच्या तीन बंडखोर संघटनांना एकत्र बसवून करार केला, आणि वर्षाच्या आत त्या तिघी एकमेकींवर तुटून पडल्या. ते यादवी युद्ध 2002 पर्यंत चाललं. आफ्रिकेतून पाच लाखांहून अधिक माणसं सगळं मागे टाकून पोर्तुगालला आली. त्यांत मोझांबिकमधल्या लोरेन्सु मार्किश, बैरा इथे दोन-दोन पिढ्या नोकऱ्या केलेली सासष्टी-बार्देशची कुटुंबंही होती. त्यांच्या घरात सोआरिशचं नाव काढलं तर आजही शिवी ऐकू येते. ते म्हणतात, सोआरिशने विकलं. मला वाटतं, विकायला त्याच्या हातात काही उरलंच नव्हतं. सालाझारने आणि त्याच्यामागून आलेल्यांनी 13 वर्षं युद्ध ओढून ते आधीच संपवलं होतं. पण तिघांनी कागदावर सह्या केल्या म्हणजे राज्य उभं राहिलं, हा भाबडेपणा मात्र त्याचा आणि त्याच्या सहकाऱ्यांचा.

1974च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टनला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री किसिंजर यांनी सोआरिशला हिणवलं होतं, की तुम्ही केरेन्स्की ठरणार (1917 मध्ये कम्युनिस्टांनी ज्याला हटवलं तो रशियाचा पंतप्रधान), कम्युनिस्ट तुम्हाला गिळणार. सोआरिश म्हणाला, मला केरेन्स्की व्हायचं नाही. किसिंजरचं उत्तर तयार होतं: केरेन्स्कीलाही व्हायचं नव्हतं. पुढच्या 25 एप्रिलला निवडणूक झाली, सोआरिशचा पक्ष सुमारे 38 टक्के मतं घेऊन पहिला आला, आणि किसिंजरचं भाकीत बारगळलं.

आता एक तारीख मुद्दाम सांगतो. 25 जून 1975. त्या दिवशी मोझांबिक स्वतंत्र झाला. त्याच रात्री दिल्लीत आणीबाणी पुकारली गेली. गोव्याच्या करारावर शिक्कामोर्तब होऊन तेव्हा महिनाही उलटला नव्हता. 50 वर्षांच्या हुकूमशाहीतून बाहेर आलेल्या देशाने आपल्याशी करार केला, आणि आपण त्याच महिन्यात आपले विरोधी पुढारी तुरुंगात घातले. मुक्तिदिनाच्या भाषणांत हे कोणी बोलत नाही. मी बोललो, अध्यक्षांनी माफ करावं.

पुढचं भराभर. सोआरिश तीनदा सरकारचा प्रमुख झाला, 1985 मध्ये युरोपीय समुदायाच्या प्रवेशावर सही केली, 1986 ते 1996 राष्ट्राध्यक्ष राहिला. त्या नात्याने 1992च्या प्रजासत्ताक दिनाला दिल्लीत प्रमुख पाहुणा म्हणून आला. ज्या व्हासालो इ सिल्वांना सालाझारने घालवलं होतं, त्यांना क्रांतीनंतर हुद्दा परत मिळाला, आणि 1980 मध्ये ते गोव्यात येऊनही गेले. लोकांनी त्यांचं चांगलं स्वागत केलं.

सोआरिश 7 जानेवारी 2017ला लिस्बनमध्ये वारला. पोर्तुगालचे पंतप्रधान त्या दिवशी भारतात होते. ते म्हणजे आंतोनियो कोश्ता, मडगावच्या घराण्यातले, सोआरिशच्याच पक्षाचे. दौरा अर्धवट टाकून अंत्यविधीला जावं की नाही, यावर तिकडे चर्चा झाली. ते थांबले, आणि त्याच आठवड्यात गोव्यात येऊन मडगावच्या वडिलोपार्जित घरी जाऊन आले.

मला दिलेली वेळ संपली. प्रश्न असतील ते जरूर विचारा. फक्त पोर्तुगीज पासपोर्टाबद्दल कृपया मला विचारू नका, त्यासाठी पणजीत वकिलांच्या पाट्या पुष्कळ आहेत.