घरघर टायरची की बेअरिंगची?

पुढच्या रांगेत मी एक पोलादी कडं फिरायला दिलं आहे. आधी डोळ्यांनी बघू नका. त्याच्या बाहेरच्या अंगाला जी पन्हळ आहे, तिच्यातून नख फिरवा. एका जागी नख अडकेल. तिथे डाळीच्या दाण्याएवढा टवका उडाला आहे. हे सीलबंद हब बेअरिंगचं, म्हणजे चाक ज्याच्यावर फिरतं त्या बेअरिंगचं, आतलं कडं आहे आणि या पन्हळीतून छर्रे धावतात. ज्या गाडीतलं हे कडं आहे, ती चाक झुकण्याच्या तीन आठवडे आधी माझ्या गॅरेजमध्ये येऊन गेली होती. वेग पन्नासच्या पुढे गेला की घरघर येते, अशी तक्रार होती. मी एक फेरी मारली, वाकून टायरची जाड नक्षी पाहिली आणि सांगितलं, मड टेरेन, म्हणजे चिखलासाठीचे टायर आहेत, आवाज करणारच. गाडीचा मालक, एक तरुण मुलगा, माझ्या शब्दावर विश्वास ठेवून गेला. पुढे ताम्हिणी घाट उतरताना त्याचं पुढचं उजवं चाक झुकलं. कोणाला इजा झाली नाही. पण त्या दिवसापासून चाक उचलून बघितल्याशिवाय ‘टायरचा आवाज आहे’ असं मी कोणालाही सांगत नाही.

नंतर त्या मुलाशी बोलताना कळलं की गाडीने एकदा नाही, तीनदा सांगितलं होतं. घरघर ही पहिली खूण. दुसरी अशी की खडबडीत वाटेवरून बाहेर आल्यावर ब्रेकचं पेडल पहिल्या दाबाला खाली जायचं आणि दुसऱ्या दाबाला नीट लागायचं. त्याने ब्रेकमधली हवा काढून घेतली, तरी फरक पडला नाही. हब ढिला झाला की त्याच्याबरोबर डिस्क डुलते आणि पॅडना मागे ढकलते. मग पहिला दाब पॅड पुन्हा डिस्कपर्यंत आणण्यातच जातो. तिसरी खूण एबीएसचा, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेचा, दिवा. अलीकडच्या बऱ्याच हबमध्ये सीलवरच एक चुंबकीय कडी असते आणि तिच्यावरून सेन्सर चाकाचा वेग मोजतो. बेअरिंगला प्ले, म्हणजे ढिलेपणा, आला की कडी आणि सेन्सर यांच्यातलं अंतर कमीजास्त होतं आणि दिवा लागतो. त्याने दिव्यासाठी सेन्सर साफ करून घेतला, पेडलसाठी ब्रेक बघून घेतले आणि आवाजासाठी तो माझ्याकडे आला. तीन ठिकाणी तीन कामं झाली, दुखणं मात्र एकच होतं. मी तेव्हा त्याला एवढंच विचारलं असतं, ‘आणखी काय बदललंय गाडीत?’, तर हे तिन्ही धागे माझ्या हातात आले असते.

आता या दुखण्याच्या मुळाशी जाऊ. गाडी लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शन उंच केलं, म्हणून बेअरिंग गेलं, असं सर्रास म्हणतात. मला हे पटत नाही. लिफ्टने ड्राइव्ह शाफ्टच्या सांध्यांचा कोन वाढतो, गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, वळणात बाहेरच्या चाकावर जास्त भार येतो. हे सगळं खरं. पण हबच्या बेअरिंगला खरा त्रास देतं ते बाहेर सरकलेलं चाक, आणि त्याहून जास्त पाणी.

टायरपासून सुरुवात करू. २४५/७५ आर १६ या टायरचा व्यास साधारण ७७४ मिलिमीटर भरतो. त्याजागी २८५/७५ आर १६ घातला, म्हणजे ज्याला आपण तेहेतीस इंची म्हणतो, की व्यास होतो सुमारे ८३४. म्हणजे जमिनीपासून हबच्या मध्यापर्यंतची उंची तीन सेंटिमीटरने वाढली. वळणावर किंवा तिरक्या उतारावर जमीन टायरला बाजूने ढकलते तेव्हा ही उंची तरफेसारखी काम करते. तरफ आठ टक्क्यांनी लांबली, एवढंच.

बेअरिंगच्या बाबतीत मात्र आठ टक्के तेवढ्यावर थांबत नाहीत. स्वीडनमध्ये गुस्ताफ लुंडबर्ग आणि आर्विड पामग्रेन यांनी १९४७ साली बेअरिंगच्या आयुष्याचं गणित मांडलं. आजचं आयएसओ २८१ हे मानक त्याच पायावर उभं आहे. छर्ऱ्यांच्या बेअरिंगचं आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात असतं. भार दुप्पट झाला तर आयुष्य निम्मं नाही, एक अष्टमांश उरतं. भार सव्वापट झाला तरी आयुष्य जवळपास निम्म्यावर येतं. घनाचा घात तीन असतो; रोलर बेअरिंगला तो थोडा जास्त, तीन पूर्णांक एक तृतीयांश. आपल्या आठ टक्क्यांचा ढोबळ हिशोब केला तर आयुष्याचा साधारण पाचवा हिस्सा जातो. मला विचाराल तर ही किंमत परवडण्यासारखी आहे. नुसता टायर उंच केला म्हणून तीन आठवड्यांत चाक झुकत नाही.

पुढची गोष्ट ऑफसेटची, म्हणजे चाक हबपासून किती आत किंवा बाहेर बसतं त्याची. मोठा टायर आत घासू नये म्हणून रुंद रिम घालतात किंवा चाक आणि हबच्या मध्ये स्पेसर, म्हणजे जाड चकती, टाकतात आणि चाक तीन सेंटिमीटर बाहेर येतं. गाडी दिसते रुबाबदार. पाण्याने भरलेली कळशी कडेवर घेऊन बाई मैलभर चालते. तीच कळशी हात लांब करून धरायला सांगा, दहा पावलांत खांदा भरून येईल. कळशीचं वजन तेच असतं. कारखान्यात हबची रचना करताना चाकावरच्या भाराची रेषा बेअरिंगच्या दोन ओळींच्या मधून जाईल असं बघतात, म्हणजे दोन्ही ओळी ओझं वाटून घेतात. चाक बाहेर सरकलं की ती रेषा बाहेरच्या ओळीकडे जाते, कधी तिच्याही पलीकडे. चाकावर ४५० किलो भार धरला तर ४५० किलो गुणिले तीन सेंटिमीटर एवढी मुरड त्या बेअरिंगला सतत सोसावी लागते. तिरका उतार महिन्यातून एकदा येतो. ही मुरड ऑफिसला जातानाही असते, भाजी आणायला जातानाही असते.

टायरच्या वजनाबद्दल एक गैरसमज दूर करतो. मड टेरेन टायर मूळ टायरपेक्षा सहज आठ-दहा किलोंनी जड असतो, पण गाडी उभी असताना ते वजन बेअरिंगवर येत नाही, टायर जमिनीवरच टेकलेला असतो. चाक दगडावरून उडतं आणि परत आपटतं, तेव्हा ते जड चाक आवरण्याचं काम हबला करावं लागतं. त्यातून पन्हळीत छर्ऱ्यांच्या अंतराअंतरावर बारीक खळगे पडतात. टवक्यांची सुरुवात पुष्कळदा तिथूनच होते.

आता पाणी. इथे मी जरा थांबणार आहे, कारण सह्याद्रीत गाडी फिरवणाऱ्याला यातून सुटका नाही. गोव्यात कुळ्याहून दूधसागरला जाणाऱ्या जीप तुम्ही पाहिल्या असतील. पावसाळा सरला की अभयारण्यातून ओढे ओलांडत त्यांच्या फेऱ्या सुरू होतात. मुळशी-पवनेच्या बाजूला आपण हौसेने जे करतो, ते तिथे रोजचं काम आहे. ओढ्यात नेमकं काय होतं ते डोळ्यांसमोर आणा. घाट उतरून आलेला हब तापलेला असतो, ब्रेकची सगळी धग त्याच्यात उतरलेली असते. तो गार पाण्यात बुडतो. आतली हवा एकदम आकसते आणि आत ओढ निर्माण होते. ऑइल सीलची ओठासारखी कड ग्रीस आत राखायला आणि वरून उडणारा चिखल बाहेर ठेवायला बनवलेली असते. ही ओढ तिला झेपत नाही आणि पाणी आत शिरतं. मग ग्रीस आणि पाणी घुसळलं जातं. उघडून बघाल तर ग्रीस ताकासारखं पांढरट झालेलं दिसेल.

गाडी चालत राहिली तर एक वेळ बरं. पण आपण रविवारी ओढ्यातून येतो, गाडी धुतो, उभी करतो आणि पुढच्या शनिवारी काढतो. त्या सहा दिवसांत जिथे जिथे छर्रा पन्हळीला टेकलेला असतो, तिथे पाणी धरून राहतं आणि गंजाचा ठिपका पडतो. सोमवारी तो ठिपका दिसणारही नाही. पुढे हजारभर किलोमीटरनंतर त्याच जागी टवका उडतो, आणि तोपर्यंत तो ओढा कोणाच्या लक्षातही नसतो. म्हणून माझी विनंती आहे. ओढा येण्याआधी दहा मिनिटं थांबा, हब निवू द्या. ओढ्यानंतर गाडी तशीच उभी करू नका, थोडी चालवा. आणि उच्च दाबाच्या पाण्याचा फवारा सीलवर थेट मारू नका.

जुन्या जीपवाल्यांना एक मोठी सोय आहे. त्यांच्या हबमध्ये दोन टेपर, म्हणजे निमुळत्या रोलरांची, बेअरिंग असतात, ती उघडता येतात. टिमकेन या नावाशी जोडलेली ही रचना १८९८ च्या पेटंटची, आणि आजही तिच्याइतकी समजूतदार रचना मला दुसरी दिसत नाही. खोल पाण्यातून आल्यावर हब उघडा, रॉकेलने धुवा, कोरडं करा. ग्रीस तळहातावर घ्या आणि कोनच्या, म्हणजे रोलर बसवलेल्या शंकूसारख्या भागाच्या, रुंद बाजूने दाबत राहा, रोलरांच्या फटीतून दुसऱ्या बाजूला वर येईपर्यंत. सील दर वेळी नवा घाला. नट बसवताना चाक फिरवत फिरवत घट्ट करा, म्हणजे रोलर जागेवर बसतील. मग तुमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय तेवढा मागे घ्या, लॉक वॉशर घाला आणि चेक नट आवळा. उरणारा प्ले हजारांश इंचात मोजायचा असतो, एक ते पाच हजारांश. डायल गेज लावून मोजा. निव्वळ हाताच्या अंदाजावर आवळलेली बेअरिंग मी तापून निळी पडलेली पाहिली आहेत.

सीलबंद युनिटला हे काहीच करता येत नाही. तिथे तपासणी हाच एक उपाय. ते बदलायची वेळ आली तर दोन गोष्टींवर डोळा ठेवा. प्रेसने बसवताना जे कडं बसवायचं आहे त्याच्यावरच दाब आला पाहिजे. दाब छर्ऱ्यांमधून गेला तर नवं बेअरिंग बसता बसताच खराब होतं. हातोड्याने ठोकणाऱ्याकडे गाडी देऊच नका. आणि ॲक्सलचा नट टॉर्क रेंचनेच आवळला जाईल हे बघा. बऱ्याच हबमध्ये आतल्या दोन कड्यांना एकत्र धरून ठेवतो तो हा नट. तो सैल असताना गाडीचं वजन चाकावर टेकवायचं नाही.

जाता जाता कायद्याचंही सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने ठरवलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळे बदल करता येत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच अधोरेखित केलं. तुमच्या गाडीला कोणते टायर मान्य आहेत हे पुस्तकात बघून मगच पैसे मोजा.

तपासणी आपण आत्ताच करणार आहोत, म्हणून थोडक्यात सांगतो. आवाजाची परीक्षा आधी रस्त्यावर. डांबरावरून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्यावर टायरचा सूर बदलतो, बेअरिंगचा सहसा बदलत नाही. मोकळ्या सरळ रस्त्यावर स्टिअरिंग अलगद डावीकडे घेतलं की भार उजव्या चाकांवर जातो. तेव्हा घरघर वाढली तर उजवीकडे शोधा. मग गाडी जॅकवर घ्या, खाली घोडी, म्हणजे पक्का स्टँड, लावा, नुसत्या जॅकवर विसंबू नका. चाक वर आणि खाली धरून हलवा. प्ले जाणवला तर कोणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. प्ले गेला तर तो बेअरिंगचा, राहिला तर बॉल जॉइंटचा किंवा किंगपिनचा, म्हणजे चाक ज्याच्यावर वळतं त्या सांध्याचा. डावी-उजवीकडे हलवल्यावरच लागला तर स्टिअरिंगचा टाय रॉड बघा. शेवटी एक हात कॉइल स्प्रिंगवर ठेवा आणि दुसऱ्या हाताने चाक फिरवा. कानाला जे ऐकू येत नाही ते स्प्रिंग तळहाताला सांगते. खराब बेअरिंग असेल तर बारीक वाळू दळल्यासारखं लागेल.

बाहेर अंगणात दोन गाड्या घोडीवर चढवून ठेवल्या आहेत. एकीची बेअरिंग नवी आहेत, दुसरीचं एक जायला आलेलं आहे. कोणती कोणती ते मी सांगणार नाही. चौघे-चौघे जा, स्प्रिंगवर हात ठेवा आणि मला येऊन सांगा. आणि ते कडं शेवटच्या रांगेपर्यंत जाऊ द्या. हात पुसायला फडकं खिडकीत ठेवलं आहे.