दोन वाजता कोण उठवणार?

श्रोतेहो, नमस्कार.

मुक्त विद्यापीठात नाव घातलंय, पुस्तकांचं पार्सल घरी आलंय, आणि ते अजून कपाटावर तसंच बांधलेलं पडलंय, अशा मंडळींसाठी आजचं बोलणं आहे. चाकण-सातपूरला पाळीत जाणारे, दुकानात दिवसभर उभे राहणारे, अंगणवाडीताई, पोलीस शिपाई. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ असो नाहीतर इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, नोकरी सांभाळून परीक्षा देणाऱ्यांची तक्रार एकच असते: वेळ मिळत नाही.

आधी हिशोब करू. कागद-पेन घ्या. तीन वर्षांच्या पदवीला आता किमान १२० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, लागतात, म्हणजे वर्षाला ४०. इग्नूच्या मापाने एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. परत सांगतो, एक श्रेयांक, तीस तास. ४० श्रेयांकांचे झाले १२०० तास. वर्षाच्या ५२ आठवड्यांत वाटले, तर आठवड्याला २३ तास. वाचन, अभ्यासकेंद्रातले तास, स्वाध्याय, म्हणजे घरून लिहून द्यायची उत्तरं, सगळं यात धरलेलं आहे. आठ तासांची ड्युटी आणि वर दोन तास प्रवास करणाऱ्याने हे २३ तास आणायचे कुठून? म्हणून पहिल्याच वर्षी गाडं रुततं, आणि माणूस समजतो आपलं डोकंच चालत नाही.

पण इग्नूत तीन वर्षांच्या पदवीला सहा वर्षांपर्यंत मुदत असते. एका वेळी सगळे पेपर द्यायलाच हवेत असं नाही. जेवढे तयार, तेवढ्यांचा परीक्षा फॉर्म भरायचा. सहा वर्षं धरली की आठवड्याला साडेअकरा तास होतात. सोमवार ते शनिवार रोज दीड तास, रविवारी अडीच. हा आकडा लिहून फ्रिजवर लावा. रोज दीड, रविवारी अडीच.

आता हा दीड तास कुठला? इथे मला एक प्रसंग सांगायचाय. तो तुम्ही ऐकलेला असेल, पण बहुतेक वेळा अर्धवट सांगितला जातो.

विसाव्या शतकाची पहिली काही वर्षं. सुभेदार रामजी सकपाळ सैन्यातून निवृत्त होऊन, साताऱ्याहून कुटुंब घेऊन मुंबईला आले होते. लोअर परळला डबक चाळीत एक खोली. एकच. तीच स्वयंपाकघर, तीच झोपायची, तीच अभ्यासाची. भांडीकुंडी, सरपण, जातं, आणि हो, एक बकरीसुद्धा. धाकटा मुलगा भीमराव, म्हणजे पुढचे बाबासाहेब आंबेडकर, एल्फिन्स्टन हायस्कुलात. संध्याकाळी त्या खोलीत काय गडबड असेल, ते चाळीत राहिलेल्यांना सांगायला नको. पुस्तक उघडायला मांडी घालण्यापुरती जागा नाही.

मग सुभेदारांनी काय केलं? मुलाला लवकर झोपवलं. स्वतः जागे राहिले. रात्री दोन वाजता मुलाला उठवलं, आणि तो उठला त्याच जागेवर स्वतः आडवे झाले. पुन्हा ऐका, त्याच जागेवर. कारण दोघांना एका वेळी झोपायला जागाच नव्हती. उशाशी जातं, पायाशी बकरी, आणि बिनकाचेचा मिणमिणता दिवा. त्या उजेडात पहाटेपर्यंत अभ्यास.

लोक हा प्रसंग सांगताना 'बाबासाहेब रात्र रात्र जागून अभ्यास करायचे' असं सांगतात. इथे तसं नाहीये. ते आधी झोपलेले होते. लवकर झोपून, पुरेशी झोप घेऊन मग दोनला उठलेले. जागत होते ते सुभेदार! ही सरळसरळ पाळी होती. गिरणगावात एका खोलीतले गिरणी कामगार पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी अशा क्रमाने झोपायचे, तशी बापलेकांनी लावलेली पाळी. आणि पाळी म्हटली की एकट्याने चालत नाही, बदली करणारा लागतो.

पुस्तकांचंही तेच. हातात पैसे नसले की सुभेदार लग्न झालेल्या लेकींकडे जायचे, त्यांचा एखादा दागिना मागून आणायचे, तो गहाण टाकून मुलाला पुस्तक घ्यायचे, आणि पेन्शन आली की सोडवून परत द्यायचे. म्हणजे त्या अभ्यासात बापाची झोप होती, बहिणींचं सोनं होतं.

आणि जागेचं म्हणाल, तर शाळा सुटल्यावर हा मुलगा चर्नी रोडच्या बागेत जाऊन वाचत बसायचा. तिथेच कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी त्याला हेरलं. (आता महापालिकांच्या कितीतरी बागांना भर दुपारी कुलूप असतं. वाचणारं पोर नेमकं त्याच वेळी घराबाहेर पडायला बघतं. बागेचं गवत जपायचं म्हणून माणसं बाहेर ठेवायची, हे काही मला पटत नाही. असो.)

१९०७ साली भीमराव मॅट्रिक झाला. गुण ७५० पैकी २८२. टक्केवारी काढलीत तर अडतीससुद्धा भरत नाहीत. पुढे कोलंबिया आणि लंडन. पहिल्या परीक्षेत पस्तीस-चाळीस टक्के पडले म्हणून पुस्तकं रद्दीत घालायला निघालेल्यांनी हा आकडा जरूर लक्षात ठेवावा. दोनशे ब्याऐंशी.

याच माणसाने १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीतर्फे मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढलं, आणि ते भरवलं सकाळी. नोकरी करणाऱ्या पोरांना तास आटोपून ऑफिस गाठता यावं म्हणून.

तर श्रोतेहो, प्रश्न असा आहे की तुमच्या घरातले सुभेदार कोण? तुमचा दीड तास कुणीतरी अंगावर घ्यावा लागतो. पहाटे साडेचारला बसणार असाल, तर सव्वापाचला नळाला पाणी येतं, ते कोण भरणार? दूध कोण तापवणार, पोराचा डबा कोण भरणार? 'घरच्यांचा पाठिंबा आहे' एवढ्यावर भागत नाही. नावानिशी ठरवा: पाणी नवऱ्याने, डबा सासूबाईंनी, रविवारची भाजी मोठ्या मुलीने. आणि बदल्यात तुम्ही काय करणार, तेही तिथेच सांगून टाका. न सांगता घेतलेला वेळ तिसऱ्या आठवड्यात भांडण होऊन परत जातो. घराघरांत हे होतं, विशेषतः बाई शिकत असेल तर.

पाळीत काम करणाऱ्यांनी वेळापत्रक आठवड्याचं न करता पाळीचं करावं. पहिली पाळी, सात ते तीन: घरी येऊन पाऊण तास झोप, मग पाच ते साडेसहा. दुसरी पाळी: सकाळी नऊ ते साडेदहा. अवघड विषय याच आठवड्यात घ्या, डोकं ताजं असतं. रातपाळीच्या आठवड्यात नवीन धडा उघडूच नका. झोप तुटलेली असते, वाचलेलं टिकत नाही. त्या आठवड्यात स्वाध्याय उतरवायचे, जुन्या प्रश्नपत्रिका बघायच्या. रातपाळीत अर्थशास्त्र काढून बसणारे लोक पुढच्या आठवड्यात तोच धडा पहिल्यापासून वाचताना दिसतात.

लोकलमध्ये उभ्याने वाचन होत नाही, तिघांच्या बाकावर कडेला टेकलेल्या चौथ्या सीटवर तर मुळीच नाही. तिथे कान वापरा. आदल्या दिवशी वाचलेल्या धड्याचे पाच मुद्दे आपल्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड करा, चार-पाच मिनिटांत बसतील एवढेच, आणि जाताना ऐका. दुसऱ्याचे तास-तासाचे व्हिडिओ ऐकत झोपण्यापेक्षा हे बरं.

स्वाध्यायांना हलकं समजू नका. इग्नूत साधारणपणे ३० टक्के गुण स्वाध्यायाचे, ७० टक्के सत्रांत परीक्षेचे. दोन मोठी उत्तरं पाचशे शब्दांची, तीन अडीचशेंची, पाच शंभरांची, असा स्वाध्याय असेल तर झाले सव्वादोन हजार शब्द. मिनिटाला पंधरा शब्दांच्या वेगाने हाताने नुसते उतरवायलाच अडीच तास जातात, विचार करायचा वेळ वेगळा. चार विषय असतील तर दहा तास, म्हणजे जवळजवळ एका आठवड्याचा सगळा अभ्यास. शेवटच्या पंधरवड्यात ढकललेत, तर ऐन उजळणीचा वेळ तोच खातो.

आणि हाताचं बघा. फोनवर अंगठा चालवून चालवून लिहायची सवय गेलीय. तीन तासांचा पेपर, वीस-वीस गुणांचे पाच प्रश्न. वाचायला दहा मिनिटं काढलीत तर प्रत्येकाला चौतीस मिनिटं. दुसऱ्या तासाला मनगट भरून येतं, अक्षर वाहायला लागतं, पाचवा प्रश्न अर्धा राहतो. परीक्षेआधी सहा आठवडे दर रविवारी घड्याळ लावून एक उत्तर चौतीस मिनिटांत पूर्ण लिहा. जेलपेनने नको, बॉलपेनने. हे माझं मत आहे, पण पुरवणी ओली होत नाही.

सुट्टीचं शेवटचं. इग्नूच्या परीक्षा जून आणि डिसेंबरच्या सत्रात, रोज दोन वेळा: दहा ते एक आणि दोन ते पाच. हॉलतिकीट अगदी जवळ आल्यावर मिळतं. त्याची वाट बघत बसलात तर सुपरवायझर म्हणणार, रजेचा चार्ट कधीच लागला. वेळापत्रक जाहीर झालं की त्याच्या प्रतीवर आपले पेपर खूण करून लेखी अर्ज द्या, पोच घ्या, हॉलतिकीट नंतर जोडा. मागे राहिलेला पेपर आणि नवा पेपर एकाच दिवशी एकाच वेळेला येत नाहीत ना, हे फॉर्म भरण्याआधी तपासा. आले, तर दोन्हींना बसता येत नाही आणि भरलेली फी फुकट जाते.

आज रात्री पुस्तकांचं ते पार्सल खाली काढा, आणि जेवताना घरात विचारून घ्या, उद्या पहाटे पाणी कोण भरतंय.

नमस्कार.