टिक वाजते, पंखा फिरत नाही

(दृश्य: डॅशबोर्ड, टेम्परेचरचा काटा)

हायवेला गाडी पळतेय तोवर काटा मधोमध. खंबाटकीचा चढ लागतो, पुढे ट्रकांची रांग, आणि काटा वर सरकायला लागतो. पळत्या गाडीत रेडिएटरला समोरून वारा मिळतो. रांगेत तो वारा पंख्याने द्यायचा असतो, म्हणून पहिला संशय पंख्यावर. इथेच कुणीतरी थेट नवी मोटर टाकायला सांगतं आणि खिसा रिकामा होतो.

गाडी थंड होऊ द्या. चावी काढा, बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवा. मगच पंख्याजवळ हात न्या. काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही तो अचानक सुरू होतो.

(दृश्य: बॉनेटखालचा फ्यूज बॉक्स)

या काळ्या चौकोनी डब्या म्हणजे रिले. कुठला कशाचा, ते बहुतेक झाकणाच्या आत छापलेलं असतं. पंख्याचा जड करंट गाडीच्या कॉम्प्युटरमधून नेला तर तोच जळेल. म्हणून कॉम्प्युटर रिलेच्या कॉइलपुरता थोडासा करंट चालू करतो. कॉइलचं चुंबक होतं, पत्ती ओढली जाते, पॉइंट, म्हणजे आतले धातूचे टोक, जुळतात आणि बॅटरीचा करंट मोटरला मिळतो. पत्ती आपटते तीच टिक.

एसी लावला की हा पंखाही फिरायला हवा. एसी लावला, टिक आली, म्हणजे रिले चांगला, असं गॅरेजमध्ये सर्रास ऐकू येतं. टिकवरून फक्त कॉइल शाबूत असल्याचं कळतं. पॉइंट जळालेत की नाही, ते कळत नाही.

आता फ्यूज आधी बघून घ्या. तो ठीक असेल तर रिले उपसा. पायांवर बारीक आकडे असतात: ८५ आणि ८६ कॉइलचे, ३० वर बॅटरीचा करंट, ८७ वरून तो पुढे जातो. बॅटरी पुन्हा जोडून सॉकेटच्या ३० मध्ये मीटर लावा, बारा व्होल्ट दिसले पाहिजेत. मग फ्यूज घातलेल्या जाड वायरने सॉकेटमधले ३० आणि ८७ जोडा. पंखा भिरभिरला, तर मोटर आणि तिथवरची वायर निर्दोष. इंजिन चालू करून एसी लावल्यावर ८५-८६ मध्येही बारा व्होल्ट येत असतील, तर चोर सापडला: रिलेच.

खात्रीसाठी हॉर्नचा रिले तिथे बसवून बघता येतो, पण नंबर आणि पायांची मांडणी हुबेहूब असेल तरच. वरून सारख्या दिसणाऱ्या दोन रिलेंमध्ये ३० आणि ८६ ची जागा उलट असू शकते. दुकानात जाताना जुना रिले सोबत न्यायचा तो यासाठीच.

(दृश्य: कव्हर काढलेला जुना रिले, अगदी जवळून)

हे बघा. पॉइंटवर काळा थर, मधोमध खड्डा. दर वेळी उडणाऱ्या ठिणगीने धातू खाल्लाय. ३० नंबरच्या पायाजवळचं प्लास्टिक तपकिरी पडलंय. पॉलिश पेपरने घासून चार दिवस निघतील, पण ती नसती काटकसर. सॉकेटच्या पिना मात्र बघाच. हिरवट गंज चढला असेल किंवा पकड ढिली असेल, तर नवा रिलेही तापणार.

नवा बसवा, एसी लावून पंखा दहा मिनिटं चालू द्या, मग रिलेला बोट लावा. कोमट लागला तर ठीक. चटका बसला आणि पिना घट्ट असतील, तर मोटर जास्त करंट ओढतेय का, ते क्लॅम्प मीटरने, म्हणजे वायरभोवती चिमटा लावून करंट मोजणाऱ्या मीटरने, तपासा.