ढिगाच्या पोटात

(टेबलावर एक पांढरी वीट. कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

ही वीट कुणी थापली नाही, ओतली नाही. ती वाढली आहे. ओल्या भुशात बुरशीचं बियाणं, म्हणजे स्पॉन, मिसळलं आणि साचा उबेला अंधारात ठेवला. आठवडाभरात पांढऱ्या धाग्यांनी भुशाचा कण न् कण बांधून टाकला. आता ती भट्टीत वाळवली, की बुरशी मरते, वाढ थांबते. हातात उरतो थर्माकोलसारखा हलका, पण मातीत मिसळून जाणारा ठोकळा.

टेबलावर एवढं जमलं, की वाटतं, आता साचाच मोठा करू. इथेच घात होतो.

(भुशाच्या ढिगात खुपसलेली तापमापकाची सळई.)

बुरशी जिवंत आहे. ती भुसा खाते, श्वास घेते आणि तापते. १० सेंटीमीटरच्या ठोकळ्यातली ऊब सहज बाहेर पडते. तोच ठोकळा १ मीटरचा केला, तर आतला माल १००० पट होतो; ऊब बाहेर टाकणारा पृष्ठभाग मात्र १०० पटच. वरून सगळं पांढरंशुभ्र दिसतं आणि पोटात बुरशी स्वतःच्याच उष्णतेनं मेलेली असते. साचा फोडेपर्यंत कळतही नाही.

बियाणं मिसळण्याआधी भुसा निर्जंतुक करतानाही दुखणं तेच. पिशवीभर भुसा प्रेशर कुकरमध्ये १२१ अंशांवर निर्जंतुक होऊन निघतो. मोठ्या ढिगाच्या मध्यापर्यंत वाफ पोचायला कितीतरी वेळ लागतो. मधला भाग कच्चा राहिला, की हिरवी ट्रायकोडर्मा बुरशी तिथूनच डोकं वर काढते आणि अख्खा घाणा टाकून द्यावा लागतो.

(रॅकवर ओळीनं मांडलेले उथळ साचे.)

म्हणून वाढवायचा तो साच्यांचा आकडा, आकार नव्हे. २०१४ साली न्यूयॉर्कमध्ये 'हाय-फाय' हा सुमारे १२ मीटर उंच मनोरा उभा राहिला, तोही एकसंध वाढवलेला नव्हता. मक्याची चिरलेली ताटं आणि बुरशी यांपासून वाढवलेल्या सुमारे १०,००० विटा एकावर एक रचल्या होत्या.

माझं ठाम मत आहे, की मोठ्या जागेत गेल्यावर पहिला खर्च तापमापकांवर करावा. मिश्रण ढवळणारं यंत्र नंतर घेता येईल. आणि मूळ बुरशीचा नमुना गोठवून जपावा. एकाच वाणाला पुन्हा पुन्हा नव्या बशीत वाढवत नेलं, तर त्याचा जोम ओसरू शकतो.

(रात्र. एक हात साच्यात सळई खुपसतो. आकडा स्थिरावेपर्यंत कॅमेरा थांबतो.)

सत्तावीस अंश. मध्यभागी.