गाडी चार्ज का होत नाही? (आणि थोडं अर्थिंगबद्दल)

अध्यक्ष महाराज आणि मंडळी,

पत्रिकेत विषय छापलाय ‘सार्वजनिक स्टेशनवर इलेक्ट्रिक गाडी चार्ज झाली नाही तर काय करावं’. विषय मंडळाने दिलाय. मला खरं म्हणजे अर्थिंगवर बोलायचं होतं. चिटणीस म्हणाले, काका, अर्थिंग छापलं तर खुर्च्या लावायचीही गरज पडणार नाही. मग तडजोड झाली: बोलायचं गाडीवर, वाटेत अर्थिंग आलं तर येऊ द्यायचं. ते येणार आहे, आधीच सांगून ठेवतो. कुणाला सटकायचं असेल तर आत्ताच सटका, सेव-उसळ अजून गरम मिळेल.

इलेक्ट्रिक गाडी कुणाकुणाकडे आहे? अरे वा. आणि स्टेशनवर गन, म्हणजे चार्जरच्या केबलचं गाडीत खुपसायचं टोक, लावून, दहा मिनिटं उभं राहून, हात हलवत परत कोण कोण आलंय? हे काय, पुन्हा तेच हात!

बडोद्यात विजेवर बोलायचं म्हणजे धोक्याचं काम. सयाजीराव महाराजांनी 1890 मध्ये कलाभवन काढलं, तेव्हापासून या गावात दर तिसऱ्या घरात एक इंजिनियर. मीही कलाभवनचाच, आता त्याला टेक्नॉलॉजी फॅकल्टी म्हणतात, आम्ही अजून म्हणत नाही. पुढे जन्म गेला मकरपुऱ्यात, रिले टेस्टिंगमध्ये, म्हणजे बिघाड झाला की वीज तोडायला लावणारी उपकरणं तपासण्यात. पहिल्या दोन रांगांत तर रेसकोर्सच्या वीज बोर्डातून निवृत्त झालेली मंडळी बसली आहेत. मी काही वावगं बोललो तर चहाच्या वेळी धरतील, आत्ता धरू नका.

आता मुद्द्यावर. लोकांची समजूत अशी की गन लावली म्हणजे वीज आली. तसं नाही. गन लावता तेव्हा तिच्या मोठ्या पिना पूर्ण मेलेल्या असतात. आधी बोलणी होतात. गनमध्ये एक बारीक पिन असते, तिला कंट्रोल पायलट म्हणतात. चार्जर तिच्यावर 12 व्होल्ट ठेवून वाट बघत बसतो. गाडी जोडली की गाडीतल्या रेझिस्टन्समुळे ते 9 व्होल्ट होतात. चार्जर समजतो, कुणीतरी आलं. मग तो सेकंदाला हजार वेळा टिकटिक करणारा सिग्नल पाठवतो. त्या टिकटिकीची रुंदी म्हणजे ‘माझ्याकडून इतके अँपियर मिळतील’. गाडीला पटलं की ती आणखी एक रेझिस्टन्स जोडते आणि व्होल्टेज 6 वर आणते. त्यानंतर चार्जरच्या पोटात टक् असा आवाज होतो. तो कॉन्टॅक्टर, म्हणजे वीज जोडणारा मोठा स्विच. तो टक् ऐकायची सवय लावून घ्या. टक् झालाच नाही तर वीज गाडीच्या दारापर्यंतही आलेली नाही, मग बॅटरी गेली म्हणून घाबरायचं कशाला?

आता मला सांगा, हे 12, 9, 6 व्होल्ट मोजले कशाच्या संदर्भात? पायलटची तार जाते एक, परत येते कुठून? ... बोर्डवाले हसतायत. बरोबर. अर्थच्या तारेवरून! म्हणजे अर्थिंग हे फक्त झटक्यापासून वाचवायला नाही, ही सगळी बोलणी त्याच तारेच्या भरवशावर चालतात. गनच्या केबलमधली अर्थची तार तुटली तर बोलणी सुरूच होत नाहीत. ती तार धड आहे पण ती शेवटी जमिनीत जिथे पुरलेली असते तो अर्थिंगचा खड्डा मेलेला आहे, तर बरेचसे चार्जर स्वतःच ते तपासतात आणि ग्राउंड फॉल्ट म्हणून हात वर करतात. दोन आजार वेगळे, आणि तुमच्या मोबाइलवर संदेश मात्र एकच: ‘काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा’.

हा संदेश लिहिणाऱ्या माणसाला मला एकदा भेटायचंय.

माझ्या पुतण्याचं सांगतो. गाडी घरी, पार्किंगमधल्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर रात्रभर गुपचूप चार्ज होते. पण ऑफिसजवळच्या एका शॉपिंग कॉम्प्लेक्समध्ये 7.4 किलोवॅटचा एसी चार्जर आहे, तिथे नाही म्हणजे नाही. ॲप म्हणतं, दोष गाडीचा. हेल्पलाइन म्हणते, आमचा चार्जर ऑनलाइन दिसतोय. ऑनलाइन दिसतोय म्हणजे त्यातलं सिमकार्ड जिवंत आहे, एवढंच! वर्कशॉपने गाडी ठेवून घेतली, चार्जिंगचं सॉकेट बदललं, बिल लावलं. गाडी परत तिथेच नेली, परत तेच. तेव्हा घरात कुणाला तरी आठवलं की काका अजून जिवंत आहेत.

मी गेलो मे महिन्यात, दुपारी, मल्टिमीटर घेऊन. चार्जरच्या पत्र्याच्या पेटीला हात लावणार इतक्यात वॉचमन धावत आला. म्हणाला, “काका, एने अडता नहीं, करंट मारे छे!” घ्या. सगळं निदान त्या एका वाक्यात होतं, आणि त्या माणसाला कुणीही काही विचारलं नव्हतं. मी म्हटलं, कधीपासून? म्हणाला, उन्हाळा लागल्यापासून. म्हणून तर मी रबरी चप्पल काढत नाही.

त्याच्या केबिनमध्ये त्याच लाइनवरचं पंख्याचं सॉकेट होतं. न्यूट्रल आणि अर्थमध्ये मीटर लावला. धड अर्थिंगला तिथे दोन-तीन व्होल्ट दिसावेत. दिसले चाळीसच्या वर. असल्या सगळ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रांच्या फिल्टरमधून थोडीशी गळती अर्थमध्ये होतच असते. खड्डा चांगला असेल तर ती जमिनीत जिरते. खड्डा कोरडा पडला की तिला जायला वाट उरत नाही, मग ती पत्र्यावर येऊन बसते आणि वॉचमनला चप्पल घालायला लावते.

बरं, खड्डा कुठाय? मॅनेजरला माहीत नाही, सोसायटीच्या ऑफिसात माहीत नाही. वॉचमनला माहीत होतं. सुशोभीकरणात त्यावर पेव्हर ब्लॉक बसवले होते आणि त्यावर बोगनवेलीची एक भली मोठी कुंडी. कुंडी सरकवली, ब्लॉक उचकटले. आत मीठ-कोळशाचा खडखडीत थर, पाणी ओतायची नळी मातीने बुजलेली, पट्टीचा बोल्ट गंजून हिरवा. नळी मोकळी केली, बादल्या ओतल्या. समोरच्या टपरीवर चहा घेतला. परत येऊन मोजलं तर व्होल्टेज पार खाली. गन लावली. टक्!

आमच्या वेळी सबस्टेशनवर उन्हाळ्यात खड्ड्यांना रोज पाणी घालायचा शिरस्ता होता. ऑपरेटर लॉगबुकात लिहायचा, सही करायचा. अर्थिंगसाठी आयएस 3043 नावाचं अख्खं मानक आहे, त्यात खड्ड्याची देखभाल आणि तपासणी दिलेली आहे. आता स्टेशनवर लाखो रुपयांचं यंत्र बसवतात, उद्घाटनाला फीत कापतात, आणि बादलीभर पाणी घालायला माणूस नाही. गंमत पुढे आहे. जूनमध्ये पाऊस पडला की खड्डा आपोआप ओला होतो, चार्जर चालू लागतो, आणि कंपनीच्या कागदावर तक्रार ‘निवारण’ होते. निवारण केलं कुणी? वरुणदेवाने. पुढच्या एप्रिलपर्यंत सगळे खूश. पाणी हा तात्पुरता उपाय आहे, हेही सांगतो. बोल्ट हिरवा झाला असेल तर पट्टी आणि खड्ड्यात पुरलेला धातूचा इलेक्ट्रोड बदलायलाच हवा.

आणि याच ओघात एक गोष्ट दम देऊन सांगायची आहे. घरच्या चार्जरवर अर्थचा लाल दिवा लागला की काही इलेक्ट्रिशियन प्लगमध्ये न्यूट्रल आणि अर्थ एका तारेने जोडून देतात. दिवा हिरवा होतो, त्याचे पैसे होतात. बाजारात तसे तयार प्लगसुद्धा मिळतात. मंडळी, उद्या तुमच्या वायरिंगमध्ये कुठेतरी न्यूट्रल सुटला तर 230 व्होल्ट थेट गाडीच्या बॉडीवर येतात. दार उघडायला नातू हात लावणार आहे. ज्याने असं करून दिलं असेल त्याला उद्या सकाळी बोलवा आणि...

चिठ्ठी आली. ‘दहा मिनिटं. गाडीवर या.’ अध्यक्ष महाराज, मी गाडीवरच आहे, फक्त गाडी अर्थवर उभी आहे. असो.

भराभर सांगतो. पहिला प्रश्न स्वतःला विचारा: एसीवर अडतंय की डीसीवर? एसी चार्जिंगमध्ये वीज गाडीतल्या ऑनबोर्ड चार्जरमधून, म्हणजे एसीचं डीसी करणाऱ्या पेटीतून, बॅटरीत जाते, डीसीमध्ये त्याला वळसा घालून थेट जाते. म्हणजे डीसीवर सगळीकडे होतं आणि एसीवर कुठेच होत नाही, तर संशय ऑनबोर्ड चार्जरवर. उलट असेल तर डीसीचे कॉन्टॅक्टर किंवा बोलणी करणारं मॉड्यूल, कारण डीसीमध्ये त्याच पायलटच्या तारेवरून गाडी आपलं व्होल्टेज, टक्केवारी, हवा तितका करंट असा सगळा डेटा पाठवते. आणि एकाच स्टेशनवर अडतंय, बाकी ठिकाणी सुरळीत आहे, तर कृपा करून वर्कशॉपला जाऊ नका. एका वेळी एकच गोष्ट बदला: आधी शेजारची गन, मग दुसरं स्टेशन. शक्य असेल तर त्याच गनवर दुसऱ्या कुणाची गाडी लावून बघा. रिले टेस्टिंगमध्ये आम्ही आयुष्यभर दुसरं काही केलं नाही.

गन बसतच नसेल तर नीट बघा, ती तुमची आहे का. 2017 च्या सुमाराची भारत डीसी-001 वाली स्टेशनं अजून काही ठिकाणी उभी आहेत, त्यांची गन वेगळी, कमी व्होल्टेजच्या जुन्या गाड्यांसाठी. आजच्या गाड्यांना डीसीसाठी सीसीएस-2 लागते. तिची केबल जड असते, वजनाने गन खाली झुकते आणि पायलटची पिन नीट टेकत नाही. बोलणी होईपर्यंत गन हाताने वर उचलून धरा. हास्यास्पद वाटतं, पण पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं.

चार्जरवर लाल गोल बटण असतं, आणीबाणीचं. पोरं येता-जाता दाबतात. ते दाबलेलं असलं तर फिरवून वर काढावं लागतं, पण आधी कुणी मुद्दाम तर दाबलं नाही ना, हे वॉचमनला विचारा. ॲपच्या वॉलेटमध्ये शिल्लक बघा. कुठे आधी गन आणि मग ॲप, कुठे उलटं, तो क्रम स्क्रीनवर वाचा. तळघरात नेटवर्क नसेल तर चार्जरला परवानगीच मिळत नाही. चार्जरला टेकवायचं आरएफआयडी कार्ड असेल तर कधी कधी चालून जातं.

गाडीच्या बाजूने म्हणाल तर रात्रीचं टायमर लावून ठेवलेलं असतं आणि दुपारी स्टेशनवर गाडी आज्ञाधारकपणे रात्र व्हायची वाट बघत बसते. गाडी पार्कमध्ये हवी. आणि ती छोटी 12 व्होल्टची बॅटरी! ती मरगळली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही आतले कॉन्टॅक्टर ओढले जात नाहीत. चार्जिंग सुरू होऊन हळू चाललं असेल तर तो बिघाड नाही. ऐंशी टक्क्यांच्या वर, किंवा एक्स्प्रेसवे तापवत अहमदाबादहून आल्या आल्या, बॅटरी स्वतःच करंट कमी मागते.

तरी नाही झालं तर स्क्रीनवरच्या कोडचा फोटो काढा, वेळ लिहा, चार्जरचा नंबर लिहा. वर्कशॉपला ‘होत नाही’ एवढंच सांगितलंत तर ते सॉकेट बदलतील.

एक प्रश्न घेतो. ताई, विचारा. ...पावसात चार्ज करावं का? जरूर करा. बोलणी पूर्ण झाल्याशिवाय पिनांवर वीज येत नाही, आणि डीसी चार्जर सुरू करण्याआधी केबलचं इन्सुलेशन तपासतो. ओल शिरली असेल तर तो स्वतःच नकार देईल. मात्र गन खाली पडलेली असेल, तोंडात चिखल किंवा पाणी दिसत असेल तर ती लावू नका, दुसरी घ्या. आणि मोबाइल बाहेर काढलेलाच आहे, तर पेटीच्या आसपास अर्थच्या खड्ड्याचं झाकण दिसतं का, तेवढं बघून मला कळवा.